सोजरबाईनं उघडलेलं दार

सोजरबाईच्या बापाला मारलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती आणि ज्वारीच्या अर्ध्या रिकाम्या कणगीत लपून बसली होती. गाव परभणीकडचं, साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्याचा राग, ज्यांनी ते विद्यापीठ कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, अशा माणसांच्या घरांवर निघाला. तिच्या बापानं मेलेली ढोरं ओढायचं काम आधीच सोडलेलं होतं, त्यामुळं गावाचा त्याच्यावर जुना दात होता. भरदुपारी माणसं आली. आईनं पोरीला कणगीत ढकललं आणि वरून गोधडी टाकली. कणगीच्या लिंपणाला फट होती. त्या फटीतून तिला बापाचे पाय तेवढे दिसत होते. पाय आधी मागं सरले, मग आडवे झाले आणि कितीतरी वेळ हलत राहिले. कुऱ्हाड लाकडावर पडली तर आवाज वेगळा येतो आणि माणसावर पडली तर वेगळा, हे तिला त्या वयात कळलं. मग छपराला आग लागली. आईनं तिला केसाला धरून बाहेर ओढलं आणि दोघी मागच्या बाजूनं ज्वारीच्या रानात घुसल्या.

रेल्वेत बसल्या तेव्हा कुठं जायचं हे आईला ठाऊक नव्हतं. गाडी दौंडला थांबली, डबा रिकामा झाला, म्हणून त्या दोघीही उतरल्या. फलाटाच्या टोकाला बसून राहिल्या. रुळांकडेचा कोळसा वेचून विकणारी दगडाबाई नावाची एक बाई होती, ती दोनदा समोरून गेली आणि तिसऱ्यांदा थांबली. कुठल्या, कोण, काय जात, काहीएक विचारलं नाही. म्हणाली, "लेकराच्या अंगात ताप हाय. चल." तिच्या झोपडीत माय-लेकींनी पुढची कितीतरी वर्षं काढली. आई मरेपर्यंत कधी हसली नाही असं नाही, पण लग्नाची वरात जरी जवळून गेली तरी ती उठून कडी लावायची.

सोजरबाई लग्न होऊन बोरजाईला आली. इनामगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठावरचं हे गाव. ऊस, कांदा, थोडी डाळिंबं. नवरा भारत मजुरी करायचा, पुढं कारखान्यात कंत्राटावर लागला आणि एका सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना मागून आलेल्या डंपरखाली गेला. पदरी एक लेक होती, करुणा. तिला सोजरबाईनं बापूसाहेबांच्या रानात खुरपून वाढवलं, शिकवलं, केडगावला दिली. बापूसाहेब म्हणजे गावातलं मोठं खातं, सोसायटीत आणि पंचायतीत शब्द चालणारा माणूस. ते सोजरबाईला कधी वाकडं बोलले नव्हते आणि घराची पायरीही त्यांनी कधी चढू दिली नव्हती. पुढं तिला अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. अंगणवाडी बौद्ध वस्तीच्या समाजमंदिरात भरायची, त्यामुळं मंदिराची किल्ली तिच्याच कमरेला असायची.

पारध्यांची चार-पाच कुटुंबं नदीपलीकडून आली त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. पलीकडच्या गावानं त्यांची पालं जाळली होती. त्याआधीच्या गावानंही जाळली होती. त्यांनी बोरजाईच्या गायरानात, स्मशानाच्या पलीकडं, ताडपत्र्या ठोकल्या. त्यातला मेजर काळे हा अंगानं किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याच्या आज्यानं नगरच्या छावणीत कुणी लष्करी साहेब बघितला होता, त्याचा रुबाब आवडला म्हणून नातवाचं नाव मेजर ठेवलं. बापूसाहेबांनी त्याला डाळिंबाच्या बागेवर राखणीला ठेवलं. पारधी राखणीला असला की चोर फिरकत नाही, हा त्यांचा हिशेब. त्याची बायको सुरमिली आपल्या धाकट्या पोरीला सोजरबाईच्या अंगणवाडीच्या दारात आणून उभी करायची, आत पाठवायची नाही. सोजरबाईनं एक दिवस त्या पोरीला उचलून आत नेलं आणि बाकीच्या लेकरांच्या पंगतीत बसवलं. गावातल्या दोन-तीन आयांनी कुरकुर केली. सोजरबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात मळ्यातल्या वस्तीवर दरोडा पडला. सखूबाई नावाची एकटी म्हातारी घरात होती. तिच्या कानातल्या कुड्या पाळ्यांसकट ओरबाडून नेल्या आणि डोक्यात दगड घातला. म्हातारी सकाळी मेलेली सापडली. तिच्या लेकीचा मुलगा सत्यजीत हा बापूसाहेबांचा सख्खा पुतण्या, तिशीचा, जेसीबी भाड्यानं देणारा, चार पोरं कायम मागं असलेला. आजीनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिला तसं पडलेलं बघून तो आधी जमिनीवर लोळून रडला. मग उठला आणि म्हणाला, पारध्यांशिवाय हे दुसऱ्या कुणाचं काम नाही. कुणी पुरावा विचारला नाही. म्हातारीचं प्रेत पोलिसांनी शिरूरला नेलं आणि जमलेली माणसं तशीच गायरानाकडं वळली.

सोजरबाई तेव्हा अंगणवाडीतली भांडी घासत होती. लेकरं नुकतीच घरी गेली होती. नदीच्या बाजूला काळा धूर चढलेला तिनं पाहिला. प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. पाठोपाठ उसातून बायका-पोरं धावत आली, कुणाच्या पायात काही नाही, एका म्हाताऱ्याच्या कपाळाची कातडी सुटून डोळ्यावर आलेली. सुरमिलीच्या कडेवर धाकटी होती आणि मेजर दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला ओढत आणत होता. सोजरबाईनं राखेचे हात तसेच लुगड्याला पुसले आणि समाजमंदिराचं दार सताड उघडलं.

"आत व्हा. आतनं कडी घाला," ती म्हणाली. सगळे आत गेले. ती बाहेर पायरीवर उभी राहिली.

जमाव आला तो काठ्या, लोखंडी पाईप आणि उसाचे कोयते घेऊन. सत्यजीत पुढं होता. त्याचे डोळे सुजले होते. तो तिला बाजूला हो म्हणाला. आधी मावशी म्हणून म्हणाला, मग आईवरून शिवी देऊन म्हणाला. सोजरबाईनं पायरी सोडली नाही. पण तिची नजर सत्यजीतवर नव्हती. गर्दीच्या मागं, कडुनिंबाखाली बापूसाहेब उभे होते. मेजर रात्रभर त्यांच्या बागेत होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच पक्कं माहीत नव्हतं.

"बापूसाहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काल रात्री मेजर कुठं व्हता, तुमी सांगा. तुमचं ऐकतील ही पोरं."

सगळ्या माना मागं वळल्या. क्षणभर असं वाटलं की ते बोलणार. त्यांनी घसा खाकरला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि पाठ फिरवून घराकडं चालू लागले.

त्यानंतर कुणाला कुणाचा धरबंद राहिला नाही. एका पाईपचा फटका सोजरबाईच्या मांडीवर बसला आणि ती पायरीवरून खाली पडली. दारावर घाव पडायला लागले. दार लोखंडी होतं, वाकलं पण तुटलं नाही. तेव्हा कुणीतरी मोटारसायकलमधून बाटलीत पेट्रोल काढलं आणि दाराखालच्या फटीतून आत ओतलं. वास आत पोचला तशी लेकरं किंचाळायला लागली. काडी ओढायच्या आत कडी निघाल्याचा आवाज आला. मेजर बाहेर आला आणि त्यानं पाठीमागं दार ओढून घेतलं.

"मला घ्या," तो म्हणाला. "मी केलं म्हणा. लेकरास्नी सोडा."

पहिला घाव सत्यजीतचाच होता, पाईपचा, कानावर. मेजर गुडघ्यावर बसला. त्यानं हात वर केले नाहीत, ते मागं दाराच्या कडीला घट्ट धरून ठेवले होते. ते सुटावेत म्हणून एकानं बोटांवर कोयत्याची मूठ मारली, मग पातं मारलं. तो खाली आला तसं सगळे त्याच्यावर तुटून पडले. काठी उंच उठायची आणि खाली यायची, आणि उठताना तिच्या टोकाचं रक्त मारणाऱ्यांच्याच शर्टांवर उडायचं. शाळेच्या वरच्या वर्गात शिकणाऱ्या पोरांनीही पायानं हौस भागवून घेतली. एकजण बाजूला उभा राहून मोबाईलवर सगळं उतरवून घेत होता आणि मध्येच म्हणत होता, इकडं तोंड कर त्याचं.

सोजरबाई सरपटत गेली आणि मेजरच्या अंगावर पालथी पडली. तिला वाटलं, बाईमाणसाला बघून हात थांबेल. हात थांबला नाही. डाव्या कोपरावर पाईप आला आणि हाड मोडल्याचं तिनं कानांनी ऐकलं. तिच्या गालाखाली मेजरची छाती होती. ती वर-खाली होत होती, मग घरघरली, मग नुसतीच ऊब राहिली. एवढ्यात वस्तीतल्या बाया घराघरांतून बाहेर पडल्या. एकीच्या हातात तिखटाचा डबा होता, एकीच्या हातात उकळतं पाणी, बाकीच्यांच्या हातात येताना जे सापडलं ते. तिखट डोळ्यात गेलं तशी पुढची फळी मागं हटली, आणि रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसताच गर्दी उसात पांगली. दाराच्या आत चौदा-पंधरा जीव पेट्रोलात भिजून बसले होते. सगळे जिवंत होते. सुरमिली बाहेर आली. नवऱ्याच्या तुटलेल्या बोटांवर तिनं स्वतःचा पदर फाडून बांधला. मेलेल्या माणसाच्या हाताला ती पट्टी बांधत होती आणि तिला कुणी थांबवलं नाही.

सोजरबाईला दौंडला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं कळलं की पहिला गुन्हा दरोड्याचा नोंदवला, पारध्यांवर. आणि मेजर अज्ञात जमावाच्या मारहाणीत मेला असं लिहून घेतलंय. अज्ञात कसला, ती म्हणाली, नावं घेऊन सांगते. जबाब घ्यायला आलेला हवालदार म्हणाला, बाई, विचार करा, तुम्हाला त्याच गावात राहायचंय. ती प्लॅस्टर घातलेला हात छातीशी धरून शिरूरला पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीबाहेर जाऊन बसली, सोबत सुरमिली. आदिवासींवरच्या अत्याचाराचा कायदा लागल्याशिवाय उठायचं नाही असं दोघींनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून काही वकील आणि कार्यकर्ते आले. मारताना काढलेली ती फीत तोवर गावोगावच्या मोबाईलवर फिरत होती आणि त्यात तोंडं स्वच्छ दिसत होती. संध्याकाळी कलम लागलं. सत्यजीतसह अकराजण आत गेले.

खरी कसोटी त्यानंतर होती. पारधी बायका-पोरं समाजमंदिरातच राहत होती, कारण त्यांना जायला जागा नव्हती. गावानं बौद्ध वस्तीशी व्यवहार तोडला. चक्की दळण घेईना, डेअरी दूध घेईना, खुरपायला कुणी बोलवेना. जीप वस्तीच्या थांब्यावर न थांबता पुढं जायची. अंगणवाडीची लेकरं घरी बसली आणि सोजरबाईच्या विरोधात तालुक्याला अर्ज गेले. वस्तीत बैठक बसली. सतीश हा वस्तीतला शिकलेला, कारखान्यात कायम झालेला पोरगा, सगळे त्याचं ऐकायचे. तो वाईट नव्हता. त्यानं विचार करून मांडलं, की जे झालं ते भयंकर झालं, पण आता सरकारनं त्यांची सोय दुसरीकडं करावी. आपण मूठभर घरं. उद्या आपल्यावर आलं तर कोण येणार? पुष्कळांनी माना हलवल्या.

सोजरबाईनं आपल्या बापाचं मरण आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. त्या दिवशी तिनं सांगितलं. कणगी, फट, बापाचे पाय. सांगताना ती रडली नाही, खाली बघून गव्हातले खडे निवडावेत तशी एकेक गोष्ट काढून ठेवत गेली.

"आमी दौंडला उतरलो तवा दगडाबाईनं म्हणावं का, सरकार बघंल?" ती शेवटी म्हणाली. "सतीश, तू म्हणतोस ते खरं हाय. उद्या आपल्यावर येईल. पण ह्यांना बाहेर काढलं म्हणून येणार न्हाई, असं कुणी लिहून दिलंय का?"

सतीशनं विचारलं, की मावशी, धान्य किती दिवसांचं आहे. तिथून पुढं घरटी एक शेर दाणे समाजमंदिरात जायला लागले. दळण तळेगाव ढमढेऱ्याला मोटारसायकलवरून जायचं. करुणा केडगावहून दर रविवारी भाजी आणि औषधं घेऊन यायची आणि आईला म्हणायची, चल माझ्याकडं, आणि आई नाही म्हणायची. वस्तीवर पोलीस बंदोबस्त बसला होता, पण बंदोबस्त दुपारी जेवायला गेला असताना कुणीतरी सोजरबाईच्या शेळ्यांच्या गोठ्याला आग लावली. तीन शेळ्या दाव्याला बांधलेल्या होत्या. त्या ओरडत राहिल्या आणि एका हातानं तिला दावं सुटेना. सुरमिली जळत्या गोठ्यात शिरली, तिनं दातानं गाठ सोडवून एक शेळी बाहेर काढली. दोन आतच राहिल्या. सुरमिलीची भुवई जळाली ती अजून नीट आलेली नाही.

आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी भरउन्हात बापूसाहेबांची बायको अनसाबाई वस्तीत आली. एवढ्या वर्षांत ती कधी या बाजूला आली नव्हती. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, गालावर काळानिळा वळ. सोजरबाईच्या जळक्या गोठ्यासमोर ती उभी राहिली. सोजरबाईनं बसायला पोतं टाकलं. ती बसली.

"त्या रातीला मेजरला भाकरी मी दिली," अनसाबाई म्हणाली. "पहाटं पाण्याची मोटार चालू करायला मीच त्याला हाक मारली. तो बागेतच व्हता. सत्यजीत माझ्या मांडीवर वाढलाय, सोजरबाई. पर मला झोप न्हाई. मी साहेबापुढं सांगणार."

बापूसाहेबांनी हात उगारला तो यावरूनच. अनसाबाईनं साहेबांना जबाब दिला आणि तशीच तळेगावला भावाकडं गेली. नवऱ्याच्या घरात ती परत आली नाही. भावाच्या घरीही तिचं कौतुक झालं नाही. भावजय म्हणायची, दुसऱ्यांसाठी घर मोडलं.

खटला पुण्यात तीन वर्षं चालला. साक्षीला जाताना सोजरबाईला पोलीस सोबत द्यायचे. आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, की तुम्ही खाली तोंड करून पडला होता, मग कोण मारतंय हे कसं दिसलं? ती म्हणाली, पडायच्या आधी मी उभी होते आणि पहिला घाव उभ्यानं बघितला. बापूसाहेबांनाही बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, आपल्याला काही आठवत नाही. अनसाबाई त्यांच्यानंतर पिंजऱ्यात आली आणि तिला सगळं आठवत होतं. ती नवऱ्याकडं न बघता बोलली. सत्यजीत मात्र तिच्याकडं एकटक बघत होता आणि तिचा आवाज फाटला तेव्हा त्यानं मान खाली घातली.

सत्यजीत आणि आणखी तिघांना जन्मठेप झाली, बाकीचे पुराव्याअभावी सुटले आणि फटाके वाजवत गावात आले. जन्मठेप झालेल्यांनी वर अपील केलंय. सखूबाईच्या कानातल्या कुड्या कुणी नेल्या हे आजतागायत निघालं नाही. म्हातारीच्या बाजूनं खरं तर कुणी शोधच घेतला नाही, असं सोजरबाई म्हणते, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तिनं एकटीनं मळ्याच्या बांधावर जाऊन हात जोडले.

सरकारनं पारध्यांना लांब, डोंगराच्या कडेला जागा देऊ केली. जवळ पाणी नाही, शाळा नाही. सुरमिलीनं ती घेतली नाही. तहसीलदारांना ती म्हणाली, "साहेब, माझं लगीन झाल्यापास्नं मी तीन गावं उठलेय. आता मला उठवायचं असंल तर हितंच पुरा." पुष्कळ खेटे घातल्यावर गायरानातलीच, बौद्ध वस्तीला लागून असलेली पट्टी त्यांच्या नावावर झाली. सतीशनं सुटी टाकून पाया खणायला माणसं जमवली. गावातल्याही दोघा-तिघांनी, कुणाला न सांगता, वीट-वाळूचा ट्रॅक्टर आणून ओतला. चक्की पुन्हा दळण घेते. जीप थांबते. बापूसाहेब रस्त्यात समोर आले तर मान वळवतात.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी लवकर नदीपलीकडच्या ठाण्याची गाडी आली. तिकडं कुठं विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या आणि नेहमीसारखी पारध्यांची दोन पोरं उचलायची होती. सुरमिली दारात उभी राहून वॉरंटचा कागद मागत होती. सोजरबाई चुलीपुढून उठेपर्यंत शेजारच्या बाया तिथं पोचलेल्या होत्या, हातात कुणाच्या पीठ, कुणाच्या दात घासायची मिश्री. सतीशच्या बायकोनं मोबाईल लावून वकिलाला गाठलं. एकीनं फौजदाराला चहा घेणार का विचारलं. कागद नव्हता. फौजदार थोडा वेळ गाडीला टेकून फोनवर बोलला आणि मग गाडी वळवून निघून गेला.

सोजरबाई तोवर चालत आली. सगळं आटपलं होतं. डावा हात कमरेवर ठेवून तिनं गाडीची धूळ बसेपर्यंत वाट बघितली आणि बायांना म्हणाली, की उभ्या काय राहिलात, लेकरं शाळेची हायेत, डबे करा.